प्री-मेडच्या वाटेवर गणिताचा पहिला विषय: कॅल्क्युलस की संख्याशास्त्र?

एका मुलीच्या आई-वडिलांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात दाखल होत आहे. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जीवशास्त्र ठरले आहे आणि पुढे मेडिकल स्कूलला जाण्याची तिची इच्छा आहे. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी तिने एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा, कॅल्क्युलस एबी हा विषय घेतला, मे महिन्यातील परीक्षेत तिला ५ पैकी ४ गुण मिळाले आणि त्या गुणांवर विद्यापीठ तिला कॅल्क्युलस १ चे क्रेडिट, म्हणजे तो विषय न घेताच त्याचे श्रेयांक, देण्यास तयार आहे. नावनोंदणीच्या दिवशी तिच्यापुढे चार पर्याय असतील: थेट कॅल्क्युलस २, क्रेडिट सोडून पुन्हा कॅल्क्युलस १, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा शिकवला जाणारा कॅल्क्युलस, किंवा प्रास्ताविक संख्याशास्त्र. वडील अभियंता आहेत आणि कॅल्क्युलस २ घेतल्यास मेडिकल स्कूलवर चांगली छाप पडेल असे त्यांना वाटते. आईचे म्हणणे असे की पहिल्या सेमिस्टरला गणितच नको, आधी रसायनशास्त्र नीट होऊ द्यावे.

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात २२ वर्षे पहिल्या वर्षाचे गणित शिकवतो आहे आणि त्यातील बराच काळ वैद्यकीय शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचा सल्लागार म्हणूनही काम केले आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत माझे उत्तर आधीच सांगतो: तिच्या जीवशास्त्राच्या पदवीला कॅल्क्युलस २ लागत नसेल, तर एपीचे क्रेडिट घ्यावे आणि पहिल्या सेमिस्टरला संख्याशास्त्र घ्यावे. पदवीला कॅल्क्युलस २ लागत असेल, किंवा ती जीवरसायनशास्त्राकडे वळण्याची शक्यता असेल, तर उत्तर बदलते. कसे ते पुढे लिहिले आहे. बहुतेक घरांत ‘मेडिकल स्कूलला काय आवडेल’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मेजरला काय लागते हा, आणि दुसरा मुलीला आज कागदावर काय करता येते हा.

आई आणि वडील यांची मते इतकी टोकाची का आहेत, हे मला चांगले समजते, कारण मीही महाराष्ट्रातूनच आलो आहे. आपल्याकडे अकरावीलाच वाट फुटते. डॉक्टर व्हायचे त्याने जीवशास्त्र धरायचे आणि अनेकांनी त्याच वेळी गणिताला रामराम ठोकायचा. नीट परीक्षेतही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एवढेच असते, गणित नसते. म्हणून ज्यांनी जीवशास्त्र घेतले त्यांना डॉक्टरकीसाठी गणित अनावश्यक वाटते, आणि ज्यांनी गणित घेऊन इंजिनिअरिंग केले त्यांना कॅल्क्युलस २ म्हणजे बारावीच्या इंटिग्रेशनच्या दोन धड्यांची उजळणी वाटते. अमेरिकेतील रचना या दोन्हींशी जुळत नाही. येथे बारावीनंतर थेट एमबीबीएस नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचे मेडिकल स्कूल. ‘प्री-मेड’ ही पदवीही नाही आणि मेजरही नाही. पदवी करता करता पूर्ण करावयाच्या विषयांची ती एक वाट आहे. इतिहासाचा विद्यार्थीही प्री-मेड असू शकतो. त्यामुळे गणिताच्या दोन वेगवेगळ्या मागण्या विद्यार्थ्यावर एकाच वेळी येतात: एक पदवीची, एक मेडिकल स्कूलची. पदवीची मागणी लेखी आणि पक्की असते. मेडिकल स्कूलची मागणी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि पुष्कळदा आपण समजतो त्यापेक्षा सौम्य असते.

तेव्हा पहिले काम म्हणजे विद्यापीठाच्या कॅटलॉगमधील जीवशास्त्राच्या पदवीचे पान उघडणे. जीवशास्त्र या एकाच नावाखाली अनेकदा बीए आणि बीएस अशा दोन पदव्या असतात आणि त्यांच्या गणिताच्या अटी वेगळ्या असू शकतात. अनेक ठिकाणी कॅल्क्युलसचे एक सेमिस्टर आणि संख्याशास्त्राचे एक सेमिस्टर एवढेच मागितलेले असते; तसे असेल तर मुलीचे कॅल्क्युलसचे काम एपीच्या ४ गुणांवर बहुधा पूर्ण झालेले आहे. काही ठिकाणी मात्र बीएससाठी कॅल्क्युलस २ असते. रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राच्या पदव्यांना तर ते जवळजवळ नेहमीच लागते, कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी भौतिकी रसायनशास्त्र येते आणि तेथे कॅल्क्युलसशिवाय पान हलत नाही. बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना कॅल्क्युलस २ च्याही पुढे, अनेक चलांचा कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्सपर्यंत, जावे लागते. पहिल्या वर्षी मेजर बदलणारे विद्यार्थी मी इतके पाहिले आहेत की ‘जीवशास्त्र ठरले आहे’ हे वाक्य मी नेहमी पेन्सिलने लिहितो. मुलीला रसायनशास्त्र मनापासून आवडत असेल, तर कॅल्क्युलस २ चा दरवाजा उघडा ठेवण्याला अर्थ आहे.

आता मेडिकल स्कूलचे काय? अमेरिकेतील मेडिकल स्कूलांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, हॉवर्ड ह्यूज संस्थेच्या सोबतीने २००९ साली एक अहवाल काढला. ठरावीक विषयांची यादी मागण्यापेक्षा विद्यार्थ्याला संख्यात्मक विचार करता येतो का, हे पाहावे, असा त्याचा रोख होता. त्या काळापासून अनेक मेडिकल स्कूलांनी ‘कॅल्क्युलसचे एक वर्ष’ यासारख्या जुन्या अटी सैल केल्या आणि संख्याशास्त्राला अधिक महत्त्व दिले. आज काही मेडिकल स्कूल गणिताचा एकही विषय नावाने मागत नाहीत. काही कॉलेजस्तरावरील गणिताचे एक-दोन सेमिस्टर मागतात आणि त्यात कॅल्क्युलस व संख्याशास्त्र दोन्ही चालतात. टेक्सासच्या सामायिक अर्जव्यवस्थेतील बहुतेक मेडिकल स्कूल संख्याशास्त्राचे ३ क्रेडिट स्पष्टपणे मागतात. नक्की कोण काय मागते हे एएएमसीच्या एमएसएआर नावाच्या सशुल्क ऑनलाइन संग्रहात आणि प्रत्येक स्कूलच्या संकेतस्थळावर सापडते. पहिल्या वर्षी तिने आपल्या राज्यातील सार्वजनिक मेडिकल स्कूल आणि मनात असलेली आणखी पाच-सहा स्कूल एवढी पाहिली तरी पुरे आहे. पाहताना दोन गोष्टी नोंदवाव्यात: गणितात नेमके काय मागितले आहे, आणि ती मागणी एपीच्या क्रेडिटवर पूर्ण झालेली चालते का. अनेक ठिकाणी ते क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, नोंदलेले असेल तर चालते. काही ठिकाणी त्याच विषयातील वरच्या पातळीचा एक विषय कॉलेजात घ्यावा अशी अपेक्षा असते.

प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे एमकॅटचे, गणित हा आणखी एक गैरसमजाचा विषय आहे. एमकॅटमध्ये कॅल्क्युलस नाही. तेथे कॅल्क्युलेटरही वापरता येत नाही. लागते ते असे: अपूर्णांक, गुणोत्तर, घातांक, लॉग, त्रिकोणमितीचा पाया, एककांचे रूपांतर, आलेख वाचणे आणि प्रयोगाच्या आकडेवारीवरून निष्कर्ष काढणे. विज्ञानाच्या विभागांतील सुमारे १० टक्के प्रश्न थेट आकडेवारी आणि संख्याशास्त्रीय विचारावर आणि आणखी सुमारे १० टक्के संशोधनाच्या रचनेवर असतात. एक उदाहरण घ्या. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.१ वर आला, तर हायड्रोजन आयनांचे प्रमाण किती बदलले? फरक ०.३ आहे, आणि २ चा लॉग सुमारे ०.३ असतो हे ज्याला ठाऊक आहे तो क्षणात सांगेल की प्रमाण दुप्पट झाले: लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोलवरून सुमारे ८०. किंवा रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर, पॉझ्वीचा नियम लागू आहे असे धरून, प्रवाह किती उरेल? प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, म्हणून सोळावा हिस्सा. यातले काहीही कॅल्क्युलस २ मध्ये शिकवले जात नाही. ते नववी-दहावीच्या बीजगणितात असते आणि एपीच्या गडबडीत, हातात कायम कॅल्क्युलेटर असल्याने, गंजून गेलेले असते.

वडिलांच्या ‘छाप पडेल’ या मुद्द्यावर थोडे थांबावे लागेल, कारण त्यामागची भावना चांगली असली तरी हिशेब वेगळा आहे. मेडिकल स्कूलचा सामायिक अर्ज, म्हणजे एमकॅस, विद्यार्थ्याचे जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी (ए चे ४, बी चे ३, सी चे २), स्वतः काढतो आणि त्यांतले दोन महत्त्वाचे असतात: एक सगळ्या विषयांचा आणि एक जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित या चार विषयांचा. संख्याशास्त्र या चारांतील गणितात धरले जाते. वर्गीकरण विषयाच्या आशयावर ठरत असल्याने संख्याशास्त्र कोणत्या विभागाने शिकवले याने फारसा फरक पडत नाही. पहिल्या सेमिस्टरला समजा तिने १५ क्रेडिट घेतले आणि ११ क्रेडिटमध्ये ए मिळवला, पण ४ क्रेडिटच्या कॅल्क्युलस २ मध्ये सी आला. एकूण जीपीए ३.४७ होतो. त्याच जागी बी आला असता तर ३.७३ झाला असता. विज्ञानाचा जीपीए पाहिला, म्हणजे जीवशास्त्र ४, रसायनशास्त्र ४ आणि गणित ४ अशी १२ क्रेडिट धरली, तर एका सीने तो ३.३३ वर येतो. अर्जाच्या वेळेपर्यंत हा आकडा इतर विषयांनी वर ओढता येतो, पण ओढावा लागतो. समोरच्या समितीला कॅल्क्युलस २ चे शीर्षक दिसते आणि त्याशेजारचे अक्षरही दिसते. शीर्षकाचे कौतुक त्या अक्षराची भरपाई करते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत कधी पाहिलेले नाही.

पुन्हा बसून सी पुसून टाकता येईल, असेही अनेक पालक समजतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या हिशेबात काही वेळा नवा ग्रेड जुन्याची जागा घेतो. एमकॅसच्या हिशेबात तसे होत नाही, दोन्ही प्रयत्न धरले जातात. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या, मेडिकल स्कूलांचा अर्ज पूर्वी जुना ग्रेड सोडून देत असे, पण २०१७ पासून तेथेही दोन्ही धरतात.

येथे माझी स्वतःचीच एक चूक सांगतो. सल्लागार म्हणून पहिल्या काही वर्षांत मी एपीत ४ किंवा ५ गुण असलेल्या विद्यार्थ्यांना सरसकट कॅल्क्युलस २ कडे पाठवत असे. अशाच एका हुशार मुलीने पहिल्या सेमिस्टरला जीवशास्त्र, रसायनशास्त्र, दोन्हींच्या प्रयोगशाळा आणि माझ्या सल्ल्याने कॅल्क्युलस २ घेतले. ऑक्टोबरच्या मध्यावर तिचा गृहपाठ मागे पडू लागला आणि शेवटी सी आला. तिच्या उत्तरपत्रिका मी नंतर पाहिल्या. कॅल्क्युलसच्या कल्पना तिला समजलेल्या होत्या. चुका होत्या त्या पार्शल फ्रॅक्शनमधील बीजगणितात आणि साइन-कोसाइनच्या सूत्रांत. हायस्कूलात जो विषय रोजच्या तासाने वर्षभर चालतो, तेवढाच ऐवज कॉलेजात १५ आठवड्यांत संपतो, आणि चुकलेले बीजगणित दुरुस्त करायला मधे जागाच राहत नाही. तिच्या मेजरला कॅल्क्युलस २ लागतच नव्हते. मी ते पान उघडून पाहिले नव्हते.

एपी एबीमध्ये लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची सुरुवात, क्षेत्रफळ आणि घनफळ, आणि सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स एवढे असते. साधारणपणे कॅल्क्युलस १ एवढा भाग. एपीचाच पुढचा कॅल्क्युलस बीसी घेतलेल्या विद्यार्थ्याने कॅल्क्युलस २ चाही बराचसा भाग पाहिलेला असतो, त्यामुळे त्याचा प्रश्न वेगळा आहे. एबीनंतरचे कॅल्क्युलस २ म्हणजे इंटिग्रेशनच्या एकामागून एक येणाऱ्या रीती, आणि सेमिस्टरच्या उत्तरार्धात अनंत श्रेढी. या श्रेढींचा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत परका वाटतो, कारण तेथे उत्तर काढण्यापेक्षा ‘ही बेरीज सांत आहे का’ हे सिद्ध करायचे असते. गणिताची आवड असणाऱ्याला हा भाग फार सुंदर वाटेल, मलाही वाटतो, पण डॉक्टर होण्यासाठी त्याची गरज भासत नाही.

म्हणून तयारी तपासण्याचा एक साधा उपाय मी सांगत असतो. ज्या विद्यापीठात ती जात आहे तेथील कॅल्क्युलस १ ची जुनी अंतिम परीक्षा मिळवावी. पुष्कळ गणित विभाग ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. कॅल्क्युलेटर, फोन, सूत्रांचा कागद यांपैकी काहीही जवळ न घेता तिने ती दोन तासांत सोडवावी. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे: ८० टक्क्यांच्या वर गुण असतील तर कॅल्क्युलस २ मध्ये ती टिकेल, ६० ते ८० च्या मध्ये असेल तर उन्हाळ्यातले तीन-चार आठवडे बीजगणित आणि त्रिकोणमितीवर घालवून पुन्हा एकदा पेपर सोडवावा, ६० च्या खाली असेल आणि मेजरला कॅल्क्युलस २ लागतच असेल, तर कॅल्क्युलस १ पुन्हा घेण्यात कमीपणा नाही. एपीतील ४ हा आकडा मे महिन्याचा आहे. ऑगस्टपर्यंत काय उरले आहे, हे पेपरच सांगतो.

कॅल्क्युलस १ पुन्हा घेण्यातले धोके मात्र सांगायला हवेत. अनेक विद्यापीठांत तोच विषय घेतला की एपीचे क्रेडिट रद्द होते, म्हणजे आधी मिळालेले ४ क्रेडिट हातचे जातात. दुसरा धोका स्वभावाचा आहे. पहिले पाच आठवडे सगळे ओळखीचे वाटते, मूल वर्गाला जाणे सोडते, आणि सहाव्या आठवड्यात चेन रूलच्या अवघड गणितांना पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. ‘सोपा ए’ म्हणून घेतलेल्या कॅल्क्युलस १ मध्ये बी-उणे मिळवणारे विद्यार्थी दर वर्षी माझ्या वर्गात असतात. जीपीएच्या दृष्टीने एपीचे क्रेडिट ग्रेडविना नोंदले जाते, त्याने आकडा वर जात नाही आणि खालीही येत नाही. ते असेच ठेवणे हा आपल्या मुलीसाठी चांगला सौदा आहे.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीचा वेगळा कॅल्क्युलस हा पर्याय एपीचे क्रेडिट असलेल्या मुलीला बहुधा निरर्थक आहे, पण ज्यांच्याजवळ ते नाही त्यांच्यासाठी उत्तम असू शकतो. काही विद्यापीठांनी तो विचारपूर्वक घडवला आहे: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मॅथ १० ए आणि १० बी या जोडीत कॅल्क्युलससोबत संभाव्यता आणि संख्याशास्त्र येते, त्याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या (यूसीएलए) लाइफ सायन्सेस ३० ए आणि ३० बी मध्ये सुरुवातच प्राण्यांची संख्या, रक्तातील साखर अशा बदलत्या गोष्टींच्या प्रतिमानांपासून होते. इतरत्र मात्र हा विषय म्हणजे नेहमीच्या कॅल्क्युलसमधून त्रिकोणमिती वगळून उरलेला भाग असतो. तो घेण्यापूर्वी एकच गोष्ट विचारावी: यावरून पुढे कॅल्क्युलस २ ला जाता येते का? अनेक ठिकाणी येत नाही, आणि मेजर बदलल्यावर विद्यार्थ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. व्यवस्थापनशाखेसाठीच्या कॅल्क्युलसबद्दलही हेच.

आता संख्याशास्त्र, ज्याच्याकडे माझा कल आहे. हा विषय सोपा आहे म्हणून मी तो सुचवत नाही. नीट शिकवला तर तो सोपा नसतो. डॉक्टरला आयुष्यभर ज्या गणिताला तोंड द्यावे लागते ते याच विषयात आहे. समजा एखादा आजार १००० माणसांत १० जणांना आहे. तपासणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवते. तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? माझ्या वर्गात बहुतेक हात ‘९० टक्के’ला वर जातात. हिशेब करू. १० आजाऱ्यांपैकी ९ पॉझिटिव्ह. ९९० निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५०, चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५९ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी ९, म्हणजे सुमारे १५ टक्के. तोच आजार १००० पैकी २०० जणांना असेल, तर १८० खरे आणि ४० खोटे, म्हणजे सुमारे ८२ टक्के. तपासणी तीच, रुग्ण कोणत्या गटातून आला यावर अर्थ बदलला. हे ज्याला एकदा पटले, तो पुढे औषधाच्या चाचणीचा अहवाल वाचताना ‘धोका निम्म्याने घटला’ या वाक्यापुढे थांबतो आणि विचारतो की कितीवरून किती झाला. २ टक्क्यांवरून १ टक्का, की ४० वरून २०?

याशिवाय व्यवहाराचे फायदे आहेत. दुसऱ्या वर्षापासून तिला एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम करायचे असेल, तर तेथे पहिल्या दिवसापासून आकडेवारीशी गाठ पडते आणि ज्याला आर ही संगणकीय भाषा थोडीफार वापरता येते त्याला काम लवकर मिळते. म्हणून एकाहून अधिक संख्याशास्त्राचे विषय उपलब्ध असतील, तर सॉफ्टवेअरवर प्रत्यक्ष काम करवून घेणारा आणि जीवशास्त्रातील उदाहरणे असलेला विषय निवडावा. बायोस्टॅटिस्टिक्स या नावाचा विषय पहिल्या वर्षी खुला असेल तर उत्तमच, पण अनेक ठिकाणी तो वरच्या वर्गासाठी राखीव असतो. मेजर कोणते संख्याशास्त्र मान्य करते, हेही त्याच कॅटलॉगच्या पानावर पाहून घ्यावे. नाहीतर तोच विषय दोनदा करण्याची वेळ येते.

भौतिकशास्त्राची एक शंका येथे येतेच: कॅल्क्युलस २ न घेता भौतिकशास्त्र कसे होणार? बहुतेक मेडिकल स्कूलांना बीजगणितावर आधारलेले भौतिकशास्त्र चालते, आणि त्याला त्रिकोणमितीपर्यंतचे गणित पुरते. कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र मेजरला लागत असेल तरच घ्यावे.

आईच्या मताला मी चुकीचे म्हणणार नाही. पहिल्या सेमिस्टरला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही प्रयोगशाळांसह असतील, मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार असेल आणि जुन्या पेपरमध्ये तिचे बीजगणित कच्चे दिसले असेल, तर गणित वसंत, म्हणजे दुसऱ्या, सेमिस्टरला ढकलण्याने काही बिघडत नाही. अट एवढीच की मेजरला कॅल्क्युलस २ लागत नसावे. ते लागत असेल तर जितका उशीर, तितकी विस्मृती. आणि रसायनशास्त्र म्हणजे गणितापासून सुटका, असे समजू नये. पहिल्या सेमिस्टरच्या जनरल केमिस्ट्रीत विद्यार्थी अडतात ते बहुधा एककांच्या रूपांतरात आणि गुणोत्तरात. ज्यांची गणिताची प्लेसमेंट, म्हणजे प्रवेशाच्या वेळच्या चाचणीतून ठरलेली पातळी, प्रीकॅल्क्युलस या कॅल्क्युलसच्या तयारीच्या विषयाच्याही खाली येते, त्यांना कित्येक ठिकाणी रसायनशास्त्राला प्रवेशच मिळत नाही. अशा विद्यार्थ्याने गणित पुढे ढकलले तर संपूर्ण वेळापत्रक एक वर्ष मागे सरकते. त्यांनी पहिल्याच सेमिस्टरला गणित घ्यायला हवे, आणि जी पातळी येईल तीच घ्यायला हवी.

प्लेसमेंटच्या परीक्षेबद्दल एक सूचना. बऱ्याच विद्यापीठांत ती अलेक्स नावाच्या ऑनलाइन पद्धतीने, घरी बसून देता येते. शेजारी बसून उत्तरे सुचवणारे वडील आणि मोठे भाऊ यांच्या कृपेने वरच्या वर्गात पोहोचलेली मुले मला सप्टेंबरच्या पहिल्या चाचणीतच ओळखू येतात. त्या परीक्षेत गुण कमी आले तर तिच्याच सरावाच्या भागात काम करून पुन्हा देण्याची संधी बहुतेक ठिकाणी असते. ती संधी घ्यावी.

आणखी काही नियम, जे उशिरा कळतात. हायस्कूलात असताना कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंटने घेतलेले विषय एमकॅसला ग्रेडसह कळवावे लागतात. ती ‘शाळेतली मार्कशीट’ नसते. तेव्हा मुलीने तसे काही घेतले असेल तर तो ग्रेड आजच विचारात घ्यावा. मेडिकल स्कूलने मागितलेले विषय पास-फेल पद्धतीने घेऊ नयेत. विषय झेपत नाही असे दिसले तर ठरलेल्या तारखेपूर्वी सोडता येतो. पहिल्या आठवड्यातील बदलाची मुदत टळल्यावर सोडल्यास ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू राहतो, पण जीपीएत धरला जात नाही. एखादा डब्ल्यू हा डीपेक्षा पुष्कळ बरा. ज्यांची मुले एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांनी येथे सावध राहावे: विषय सोडल्याने सेमिस्टरचे क्रेडिट १२ च्या खाली जाणार असतील, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

नावनोंदणीच्या दिवशी सल्लागार मुलीशीच बोलेल, आपल्याशी नाही. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेल्यावर शैक्षणिक नोंदींवरील हक्क विद्यार्थ्याचे होतात, आणि तिच्या संमतीशिवाय आम्ही पालकांना सहसा साधा ग्रेडही सांगत नाही. फी भरणाऱ्या वडिलांच्या मनाला हे लागते, याची मला कल्पना आहे. म्हणून तिला जवळ बसवून पदवीचे पान, पाच-सहा मेडिकल स्कूलांच्या अटी आणि तिने सोडवलेला जुना पेपर या तीन गोष्टी तिच्याच हाती द्याव्यात. पेपर तिने एकटीने सोडवावा आणि गुणही तिनेच द्यावेत. संख्याशास्त्राच्या सकाळच्या तुकड्या लवकर भरतात, तेव्हा निर्णय पक्का होण्यापूर्वीच तिने तेथे जागा धरून ठेवावी. कॅल्क्युलस २ लागते असे नंतर दिसले, तर पहिल्या आठवड्यात दंड न लागता बदल करता येतो.